केळीला दिवसाचे २५ तास पाणी

पत्र:

ताई, मी चोपडा तालुक्यातला, वय २४. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो. आम्ही चार मित्रांनी तीन वर्षांपूर्वी ठिबकचा हिशेब करणारा एक प्रोग्रॅम लिहिला आणि ओपन सोर्स करून टाकला, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. लागवडीचं अंतर आणि ड्रिपर टाकले की आज ठिबक किती वेळ चालवायचं ते तो सांगतो. रावेर-यावलकडे बरेच जण वापरतात, सावद्याचा माझा मावसभाऊही वापरतो. एक जण केरळातून आणि एक जण ब्राझीलहून कोडमध्ये भर घालतो. डॉक्युमेंटेशनची, म्हणजे प्रोग्रॅम कसा वापरायचा ते सांगणारी, साइट आहे, ६२ पानं आहेत, पण वाचत कोणीच नाही. तेच ते प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात. "उत्तर २५ तास का येतं?" हा तर आठवड्यातून एकदा ठरलेला. माझं म्हणणं, साइट सध्याच्या स्फिंक्स या टूलवरून डॉक्युसॉरस या टूलवर न्यावी, डार्क मोड द्यावा, सगळं मराठीत आणि अहिराणीत करावं. एक मित्र म्हणतो, कोड उघडा आहे, तोच वाचा. दुसरा म्हणतो, एआयकडून एका रात्रीत लिहून घेऊ. आता भांडणं व्हायला लागली आहेत. काय करावं?
वैतागलेला मेंटेनर

उत्तर:

भाऊ, वय चोवीस लिहिलंस म्हणून सरळ 'तू' म्हणते. साइटचा पत्ता तू दिला होतास, तो इथे छापत नाही, पण उघडून मात्र पाहिली. कुठे पाहिली तेही सांगते. भर दुपारी, गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांची राखण करत, मोबाईलवर. पहिलं मिनिटभर मला काहीच दिसलं नाही. पांढऱ्यावर फिकी करडी अक्षरं आणि वरून आपलं खान्देशी ऊन. पदराची सावली करून वाचलं. तुझा वापरणारा तर बांधावर उभा असतो. त्याला डार्क मोडचा काय उपयोग? उन्हात काळ्या पडद्यावर आपलंच तोंड दिसतं. वेब सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ ला १ इतका फरक ठेवायला सांगितलाय, आणि तो मोजून देणारी फुकट साधनं आहेत. पण मी म्हणते मोजूही नकोस. अक्षर काळं कर, पान पांढरं ठेव. डार्क मोड ब्राझीलच्या मित्राला हवा असेल तर त्याने करावा, कोणाची ना नाही.

मग मी तुमचा प्रोग्रॅम चालवला. अंतराच्या दोन चौकटी होत्या. मी दोन्हींत ५ टाकलं, कारण आमच्याकडे केळी पाच बाय पाचवर लावतात, आणि पाच म्हणजे पाच फूट हे सांगायची कोणाला गरज पडत नाही. झाडाला चार-चार लिटरचे दोन ड्रिपर. त्या दिवसाचं बाष्पोत्सर्जन (जमिनीतून आणि पिकातून उडून जाणारं पाणी) प्रोग्रॅमने स्वतःच ८ मिलिमीटर धरलं, पीक गुणांक (पिकानुसार त्याला गुणायचा आकडा) १. बटण दाबलं. उत्तर आलं, २५ तास.

आता हिशेब मांडू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पाच फूट म्हणजे जवळपास दीड मीटर. दीड बाय दीड म्हणजे सव्वादोन चौरस मीटर, त्याला आठाने गुणलं की १८ लिटर. दोन ड्रिपर मिळून तासाला ८ लिटर देतात, म्हणजे सव्वादोन तास. बरोबर उत्तर हे. तुमच्या प्रोग्रॅमने मात्र माझे पाच हे मीटर धरले. पाच पंचे पंचवीस, पंचवीस आठे दोनशे लिटर, भागिले आठ. पंचवीस तास, तेही रोज. इकडे रात्रीची थ्री-फेज कधी येते आणि कधी जाते यावर माणूस झोपेचं वेळापत्रक लावतो, त्याला तुम्ही चोवीसच्या वर एक तास सांगताय.

याचं उत्तर तुमच्या साइटवर आहे का, ते शोधलं. आहे. 'पॅरामीटर' नावाच्या पानावर, अठरा ओळींच्या तक्त्यात, शेवटच्या रकान्यात 'मी.' असं लिहिलंय. 'मी.' बघून मला आधी वाटलं, कोणीतरी स्वतःबद्दल बोलतंय.

तेव्हा भाऊ, पहिलं काम साइटवर करायचंच नाही. चौकटीशेजारी 'फूट' लिही, मीटर हवं असणाऱ्याला बदलायची सोय दे, आणि उत्तर २४ च्या वर गेलं तर प्रोग्रॅमनेच म्हणावं, "अंतर फुटात टाकलंत का? एकदा तपासा." दोन तासांचं काम आहे. पुढच्या आठवड्यात तो प्रश्न आला तर मला कळव. ज्या अडचणीसाठी परिच्छेद लिहावा लागतो, तिच्यातली निम्मी प्रोग्रॅममध्येच मिटवता येते. पण लिहिणारे आणि कोड करणारे वेगळे बसले की हे कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे दोन्ही कामं तेच चार जण करतात, ही चैन आहे.

माझं स्वतःचं पाप सांगते, म्हणजे तुला एकट्याला बोलल्यासारखं वाटायला नको. मी बरीच वर्षं पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. एका पुस्तिकेत चौथ्या पायरीला लिहिलं होतं, "स्टार्टरचं हिरवं बटण दाबा." आणि सहाव्या पायरीला, जाड अक्षरात, चौकटीत, "पंप सुरू करण्यापूर्वी त्यात पूर्ण पाणी भरल्याची खात्री करा." चौकट फार सुंदर दिसत होती. मोनोब्लॉक पंप कोरडा फिरला की सील जळतं, आणि त्या हंगामात बरीच सीलं जळाली. कंपनीत सगळे म्हणाले, शेतकरी वाचत नाहीत. मला खरं कारण सांगितलं एका मिस्त्रीने. तो म्हणाला, "ताई, वाचतात ना. एक ओळ वाचतात, एक काम करतात, मग पुढची ओळ वाचतात." चौथी ओळ वाचली की बोट बटणावर गेलंच. सहावी ओळ वाचेपर्यंत सील गेलेलं. त्यानंतर मी इशारा कधीही कामाच्या मागे ठेवला नाही. तुमच्या 'इन्स्टॉलेशन'च्या पानावर शेवटी जी पिवळी पट्टी आहे, 'जुनी नोंद पुसली जाईल, आधी बॅकअप घ्या', ती आजच्या आज पहिल्या ओळीवर ने.

आता तुझा मूळ प्रश्न, साइट नव्या टूलवर न्यावी का. नको. निदान यंदा नको. डॉक्युसॉरस वाईट नाही, २०१७ मध्ये फेसबुकमधून बाहेर आलं, चांगलं दिसतं, बरेच प्रकल्प वापरतात. पण ६२ पानं एका टूलच्या लिहिण्याच्या पद्धतीतून दुसऱ्याच्या पद्धतीत न्यायची, आतले दुवे तपासायचे, चित्रांचे पत्ते बदलायचे, यात तुमचे दोन-तीन महिने सहज जातील, आणि शेवटी 'मी.' त्याच तक्त्यात, त्याच रकान्यात असेल, फक्त तक्त्याचे कोपरे गोल झालेले असतील. घर बदललं म्हणून डब्यातलं पीठ ताजं होत नाही. शिवाय स्फिंक्स पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्याच डॉक्युमेंटेशनसाठी बनलं, २००८ पासून आहे, आणि तुम्हाला ज्या तीन गोष्टी लागणार आहेत त्या त्यात मुळातच आहेत. तुटके दुवे शोधणारा लिंकचेक, पानावरची उदाहरणं खरोखर चालवून बघणारं डॉकटेस्ट आणि भाषांतराची गेटटेक्स्टची सोय. यातलं तुम्ही काहीच वापरत नाही. अंगणात विहीर असून टँकर मागवण्यातला प्रकार.

आणखी एक. साइट हलवली की पत्ते बदलतात. कोणीतरी दोन वर्षांपूर्वी गटात टाकलेला दुवा आजही कोणाच्या तरी फोनमध्ये तारा लावून ठेवलेला असतो. तो दाबल्यावर '४०४', म्हणजे पान सापडलं नाही, असं आलं की तो माणूस परत येत नाही. पत्ता बदलू नये हे वेब ज्यांनी बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावून ठेवलंय. कधी हलवावंच लागलं तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर वळवायची सोय आधी, साइट नंतर.

मग करायचं काय? सावद्याला जायचं.

पत्रात तू लिहिलंस की तिथला तुझा मावसभाऊ प्रोग्रॅम वापरतो. तो नको, तो तुझ्याशी गोड बोलेल. त्याच्या ओळखीतला असा माणूस बघ ज्याने प्रोग्रॅम अजून उघडलाच नाही. त्याच्या हातात त्याचाच फोन, त्याचंच नेट. एकच काम सांग: "तुमच्या बागेला आज किती वेळ पाणी लागेल ते काढा." मग गप्प बस. हे गप्प बसणं फार अवघड असतं, आधीच सांगते. तो चुकीच्या ठिकाणी बोट ठेवेल आणि तुझ्या तोंडून "नाही नाही, वरचं" असं निघेल. निघू द्यायचं नाही. जीभ दाताखाली धर. वहीत फक्त तीन गोष्टी लिही. कुठे थांबला, कुठलं बोट कुठे गेलं आणि तोंडाने काय म्हणाला, त्याच्या शब्दांत. तो 'लॅटरल' म्हणेल, तुमच्या पानावर 'उपनळी' लिहिलंय. तो 'खत सोडणे' म्हणेल, तुमच्याकडे 'फर्टिगेशन मॉड्यूल' आहे. हे शब्द गोळा करायलाच तू तिथे गेलायस. आणि भरीत-पुरीचं जेवण काम झाल्यावर घे. पोटभर जेवून पाहुण्यासमोर बसलेला माणूस "छान आहे, छान आहे" याच्यापुढे जात नाही.

असे पाच जण पुरेत. जेकब नील्सन नावाचे अभ्यासक आहेत, त्यांनी २००० साली मांडलं की पाच जणांना वापरताना पाहिलं की अडचणींतल्या बहुतेक दिसून जातात. तिसऱ्या माणसापासून तुला तेच ते दिसायला लागेल. पाच जण एकाच गावचे मात्र घेऊ नकोस. एक ठिबक बसवून देणारा फिटर असू दे, एक कृषी केंद्राच्या काउंटरवरचा मुलगा असू दे, कारण खरे प्रश्न त्याच्याकडे येतात. आणि एखादी बाई असू दे, जी बागेचा हिशेब वहीत ठेवते. त्या वहीत अशा काही नोंदी असतात की तुमच्या डेटाबेसला घाम फुटेल.

परत आलास की पहिलं पान लिहायला घे. आत्ता तिथे काय आहे ते वाचकांसाठी जसंच्या तसं देते: "हे एक मॉड्युलर, एक्स्टेन्सिबल आणि इव्हेंट-ड्रिव्हन सिंचन-निर्णय फ्रेमवर्क असून विविध पीकप्रणालींकरिता कॉन्फिगर करण्यायोग्य आहे." हे वाक्य तुम्ही एकमेकांसाठी लिहिलंय. बांधावरच्या माणसाला त्यातला एक 'पीक' सोडला तर काही हाती लागत नाही. मी असं लिहिलं असतं:

"आज ठिबक किती वेळ चालवायचं, ते हा प्रोग्रॅम सांगतो. तुम्हाला तीन गोष्टी माहीत हव्यात: झाडांमधलं अंतर (फुटात), एका झाडाला ड्रिपर किती आणि एक ड्रिपर तासाला किती लिटर सोडतो. ड्रिपरचा आकडा माहीत नसेल तर त्याखाली भांडं ठेवून एका तासात किती पाणी जमतं ते मोजा. हा प्रोग्रॅम व्हॉल्व्ह स्वतः उघडत किंवा बंद करत नाही. फक्त वेळ सांगतो. पैसे लागत नाहीत."

बघ, यात 'काय करत नाही' तेही आलं. तुमच्या गटातले अर्धे प्रश्न "मोटार आपोआप बंद का होत नाही" असेच असणार, पैज लावते. याच्याखाली एक भरलेलं उदाहरण, वर आपण केलं ते सव्वादोन तासांचं, खऱ्या आकड्यांसकट. त्याच्याखाली दोन मोठी बटणं: 'मला वापरायचाय' आणि 'मला कोडमध्ये भर घालायचीय'. केरळ आणि ब्राझील दुसऱ्या दारातून आत जातील, सावदा पहिल्यातून. आत्ता सगळे एकाच दारात चेंगरताहेत.

उरलेल्या ६१ पानांचं काय, तर ती आधी वेगळी कर. डॅनिएले प्रोसिडा यांनी डायाटॅक्सिस नावाची एक मांडणी केलीय. ती सांगते की डॉक्युमेंटेशनची गरज चार तऱ्हेची असते, आणि चारही एकाच पानात कालवल्या की कोणाचंच पोट भरत नाही. आपल्या भाषेत सांगते. पोराला पहिल्यांदा शेतात नेऊन, हाताला धरून, एक ओळ लावून घेतो, ती शिकवणी. तिथे 'का' विचारायचं नसतं, ओळ नीट लागली पाहिजे. करपा दिसायला लागला, आता काय करू, ही कृती. हा माणूस घाईत असतो. औषधाच्या बाटलीवरचं लेबल हा संदर्भ. ते कोणी गोष्टीसारखं वाचत नाही, पण त्यातला आकडा चुकला तर वाटोळं. आणि मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांतल्या लागवडींना पाण्याचं गणित वेगळं का बसतं, हा उलगडा. तो रात्री ओट्यावर बसून वाचायचा. तुमच्या ६२ पैकी माझ्या मोजणीने चाळिसेक पानं लेबलं आहेत. शिकवणी एकही नाही. 'का' सांगणारं एकच पान आहे, बाष्पोत्सर्जनाचं, आणि खरं सांगते, ते सुरेख लिहिलंय. कोणी लिहिलं? त्याला सांग, ताईंनी दोनदा वाचलं.

सगळं एकदम हलवायला जाऊ नकोस. आठवड्याला एक पान उचल, ते चारांतलं कुठलं ते ठरव, आणि त्यात घुसलेलं दुसऱ्या जातीचं काढून योग्य पानाकडे दुवा दे. जी पानं कोणाच्याच कामाची नाहीत ती काढून टाक. हात थरथरेल, पण काढ. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये, जुनं सगळं राहतंच, काही मरत नाही.

शोधाची चौकट. इथे मराठीची स्वतःची दुखणी आहेत, आणि ती बाहेरचा कोणी तुला सांगणार नाही. मी 'ड्रिप' शोधलं, काही नाही. 'ठिबक' शोधलं, एकोणीस पानं. लोक दोन्ही म्हणतात, तेव्हा प्रत्येक महत्त्वाच्या पानावर दोन्ही शब्द एकदा तरी येऊ देत. मग 'दुसऱ्या' हा शब्द शोधला आणि समोर दिसणाऱ्या पानावर तो असूनही सापडला नाही. कारण 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे. तुम्ही चौघं वेगवेगळे कीबोर्ड वापरता, म्हणून साइटवर दोन्ही आहेत. सगळा मजकूर एका रूपात आणणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिही आणि शोधणाऱ्याने टाइप केलेलंही त्याच रूपात बदलून घे.

आकड्यांचंही तसंच. पानावर तुम्ही मराठी अंक छापता, मला आवडतं. पण वाचणारा तोच '५' उचलून चौकटीत चिकटवतो. पायथॉनला देवनागरी पाच कळतो, तो मुकाट आकडा म्हणून घेतो. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला कळत नाही, ते 'नॉट अ नंबर' म्हणून मोकळं होतं. म्हणजे तुझ्या लॅपटॉपवर चालेल आणि सावद्याच्या फोनवर अडेल, आणि तू म्हणत बसशील, "माझ्याकडे तर चालतंय."

आणि जी चूक पडद्यावर दिसते ती साइटवर शब्दशः लिही, मथळ्यात. लोक आपल्या मनाने प्रश्न बनवत नाहीत, पडद्यावरची ओळ उचलून शोधतात. "ड्रिपरची क्षमता शून्य आहे" असं प्रोग्रॅम म्हणत असेल तर पानाचं नावही तेच. 'समस्या-निवारण: भाग ३' हे नाव कोण शोधणार?

भाषेचा प्रश्न. मराठी हवीच, आणि वापरणाऱ्यांची दहा-बारा पानं आधी मराठीतच लिही, मागून भाषांतर करू नकोस. कोड लिहिणाऱ्यांची पानं इंग्रजीत राहू देत, ब्राझीलला मराठी येणार नाही. अहिराणीचं तुझं मन मला कळतं, माझंही माहेर धुळ्याकडचं. पण तुझे बहुतेक वापरणारे रावेर-यावल-सावद्याकडचे, तिथे घराघरांत लेवा बोली आहे. तू 'माले' लिहिशील, तो 'मले' म्हणणारा. दोघांनाही छापील मराठी वाचता येते. बोली वाचायची सवय मात्र दोघांनाही फारशी नाही. म्हणून बोली लिहू नकोस, बोल. शिकवणीच्या पानावर दोन-दोन मिनिटांचे आवाज टाक, एक अहिराणीत, एक लेवा बोलीत, त्या त्या गावच्या माणसाच्या तोंडून. पाच मिनिटांचा व्हिडिओ नको, नेट पुरत नाही आणि पडद्याचं रूप बदललं की पुन्हा करावा लागतो. स्क्रीनशॉटचीही तीच गत. तुमच्या साइटवर सत्तावीस आहेत, त्यातले नऊ जुन्या रूपाचे आहेत. जिथे शब्दांत सांगता येतं तिथे चित्र काढून टाक.

भाषांतर एकदा करून भागत नाही, ते शिळं होतं. गेटटेक्स्टमध्ये मूळ वाक्य बदललं की जुन्या भाषांतरावर 'फझी' अशी खूण पडते. त्या खुणा महिन्याला एकदा बघायचं काम एकाच्या गळ्यात बांध. नाव ठरव, नाहीतर चौघांचं काम म्हणजे कोणाचंच नाही.

आता मित्र. 'कोड वाचा' म्हणणाऱ्याला सांग की कोड काय चाललंय ते सांगतो. काय चालायला हवं होतं ते सांगत नाही. पाच मीटर धरणारा कोड अगदी शिस्तीत चालत होता. त्याच्याशी भांडू नकोस, त्याला पुढच्या खेपेला सावद्याला घेऊन जा. एका दुपारीत मत बदलतं, हे मी पाहिलंय. एआयवाल्याचं अर्धं खरं आहे. शुद्धलेखन, इंग्रजी पानांचा पहिला कच्चा मसुदा, कुठल्या पानात काय तेच ते आलंय हे शोधणं, यासाठी खुशाल वापरा. पण एका रात्रीत लिहून घेतलं तर उद्या ६२ ची १६२ पानं होतील, सगळी गुळगुळीत, आणि पाच म्हणजे फूट हे त्यातल्या एकाही पानाला माहीत नसेल. त्याने लिहिलेला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक पायरी तुमच्यापैकी कोणीतरी हाताने करून बघितल्याशिवाय साइटवर जाऊ नये.

हे दुखणं तुमचं एकट्याचं नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटने २०१७ मध्ये ओपन सोर्सवाल्यांचं मोठं सर्वेक्षण केलं, त्यात ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा शिळं डॉक्युमेंटेशन ही अडचण सांगितली, आणि भर घालणाऱ्यांतले ६० टक्के म्हणाले की आपण त्याला क्वचित किंवा कधीच हात लावत नाही. लग्नात जेवणाला नावं ठेवणारे पुष्कळ, वाढायला उठणारे थोडे. म्हणून नियम असा कर की कोडमधला जो बदल वापरणाऱ्याला दिसतो, तो त्याच्या पानाच्या बदलासकटच आत घ्यायचा. एकाच पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल आत घ्यायच्या एकाच विनंतीत. "नंतर लिहितो" म्हणणाऱ्याला नंतर कधीच वेळ नसतो. प्रत्येक पानाच्या तळाशी 'या पानात चूक दिसली? इथे सांगा' असा दुवा ठेव, आणि तो गिटहबवर खातं काढायला लावणारा नको, साधा फॉर्म. पान कोणत्या आवृत्तीसाठी आहे तेही तिथेच. मजकुराचा परवाना कोडपेक्षा वेगळा ठेवलेला बरा, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार परवान्यांतला एखादा निवडून टाका, फार डोकं लावू नका.

जळगावच्या विद्यापीठातली कॉम्प्युटरची मुलं प्रोजेक्ट शोधत असतात. त्यांना पहिलं काम कोडचं देऊ नका, शिकवणीचं पान देऊन सांगा, "हे वाचत इन्स्टॉल कर, जिथे अडशील तिथे दुरुस्त कर." नव्या माणसाला जे दिसतं ते तुम्हाला आता दिसणारच नाही, आणि त्याचंही ते नवेपण महिनाभरच टिकतं, तेवढ्यात वापरून घ्या.

मृगबागेची लागवड जूनमध्ये सुरू होते, तेव्हाच अंतराचे आणि ड्रिपरचे आकडे लोक नव्याने टाकतात. त्याच्या आत चौकटीतला 'फूट', काळी अक्षरं, पहिलं पान आणि एक शिकवणी एवढं झालं तरी मी म्हणेन यंदाचं वर्ष चांगलं गेलं. चार जण झाले आणि पाचवा मिळाला नाही तर मला फोन कर. परसात केळीची चार झाडं आहेत माझ्या. अंतर मी फुटातच टाकणार.